रोजची पौर्णिमा

आमच्या हॉलमध्ये जवळजवळ दोन वर्षं रोज पौर्णिमा होती. बाहेर अमावास्या असो की आषाढातलं भरून आलेलं आभाळ, रात्री दहाला माशांच्या टँकचा पांढरा लाइट टायमरवर बंद व्हायचा आणि त्याच क्षणी निळा लागायचा, तो थेट सकाळी सातपर्यंत. लाइटच्या खोक्यावर त्याला ‘मूनलाइट’ म्हटलेलं होतं. तो शब्द मला फार आवडला होता. घरी कुणी जेवायला आलं की मी त्यांना मुद्दाम दहा वाजेपर्यंत बसवून ठेवायचे. पांढरा उजेड जाऊन सगळी भिंत निळी होते, लाटांची जाळी छतावर हलायला लागते, तो क्षण बघितल्याशिवाय त्यांनी जाऊ नये असं वाटायचं.

टँक चार फुटी आहे, अडीचशे लिटरच्या आसपासचा. पाणी खारं, पण समुद्रातून आणलेलं नाही. आरओच्या पाण्यात तयार मीठ विरघळवून घरीच बनवलेलं. आत खडक, वाळू, क्लाउनफिशची एक जोडी, सहा रेघांचा एक छोटा रॅस मासा, दोन क्लीनर कोळंब्या आणि शंखात राहणारे पाच-सहा खेकडे. प्रवाळ नाहीत. कठीण प्रवाळ आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंगतीला. ते दिवाणखान्यात ठेवायचा विचारही मी करत नाही. क्लाउनफिशची जोडी हॅचरीत जन्मलेली आहे. इथे जवळच ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानाच्या हॅचरीत क्लाउनफिशची पिल्लं तयार होतात आणि किनाऱ्यावरच्या बचत गटांना वाढवायला दिली जातात, हे बऱ्याच ठाणेकरांनाही माहीत नसतं.

रात्रभर लाइट ठेवायला मला सौंदर्यापलीकडेही दोन कारणं होती. पहिलं कारण म्हणजे एक फायरफिश. पाठीवर उभा दांडा असलेला, अर्धा पांढरा अर्धा लाल, बोटाएवढा मासा. टँक नवा असताना मी एका रात्री पाणी प्यायला उठले आणि अर्धवट झोपेत हॉलची ट्यूब लावली. टप्पकन आवाज आला. तेव्हा वरती जाळी नव्हती. मासा सोफ्याखाली सापडला तोवर उशीर झाला होता. मिट्ट काळोखातून एकदम उजेड झाला की, किंवा लख्ख उजेडातून एकदम काळोख झाला की हे मासे दचकून उडी मारतात. मग वरती जाळी आली आणि निळा लाइटही आला. काळोखच नको, म्हणजे दचकणंही नको, असा माझा हिशेब होता.

दुसरं कारण अण्णा, माझे सासरे. वय ऐंशीच्या पुढे, रात्रीतून दोनदा उठतात. त्यांच्या खोलीपासून बाथरूमपर्यंतची वाट टँकवरून जाते. निळ्या उजेडात त्यांना फर्निचर दिसायचं आणि मला निर्धास्त झोप लागायची. सगळ्यांचीच सोय झाली होती.

मग जोडीनं अंडी घातली.

क्लाउनफिशची अंडी मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. कोपऱ्यात मातीची एक छोटी कुंडी आडवी ठेवली होती, तिच्या आतल्या अंगाला दोघांनी दोन दिवस घासूनपुसून जागा केली आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथे शेंदरी गालिचा अंथरल्यासारखं दिसलं. प्रत्येक अंडं तांदळाच्या कणीएवढं, एका टोकानं मातीला चिकटलेलं आणि पाण्याबरोबर डुलणारं. मादी मोठी, दबदबा तिचा. पण राखण आणि निगा नराकडे. तो छोटा जीव दिवसभर पंखांनी अंड्यांवर पाण्याचा वारा घालत होता. मधूनच एखादं पांढरं पडलेलं अंडं तोंडानं वेचून काढायचा, कारण मेलेल्या अंड्याची बुरशी शेजारच्या अंड्यांना लागते. जेवायलाही तो घाईघाईत यायचा आणि परत जायचा.

पहिले तीन दिवस शेंदरी. मग रंग करडा होत गेला. पाचव्या दिवशी भिंग लावून पाहिलं तर प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके: डोळे. सातव्या दिवशी त्या डोळ्यांवर चांदी चढली. दुरून सगळी कुंडी चमकत होती. जाणकार सांगतात की चांदी दिसली म्हणजे आज रात्री पिल्लं बाहेर. सत्तावीस-अठ्ठावीस अंश तापमानाला सात-आठ दिवसांत हे सगळं होतं आणि दिवस मावळल्यावर पहिल्या दोन तासांत अंडी फुटतात. मी त्या रात्री साडेबारापर्यंत निळ्या उजेडात बसून राहिले. काही झालं नाही. नर पंखा घालत होता.

दुसऱ्या रात्रीही काही नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी चांदी निस्तेज झाली होती, अंडी सुरकुतल्यासारखी दिसत होती. संध्याकाळी मी ऑफिसातून आले तेव्हा कुंडी स्वच्छ होती. मेलेली अंडी नरानं खाऊन टाकली होती.

मला वाटलं पहिलटकर जोडी, असं होतच असेल. पंधरा दिवसांनी पुन्हा अंडी, पुन्हा शेंदरी-करडा-चंदेरी, आणि पुन्हा तेच. पाण्याच्या सगळ्या चाचण्या केल्या, अमोनिया शून्य, नायट्रेट ठीक, क्षारता ठीक. ज्यांना विचारलं त्यांनी तापमान, खाणं, पाणी याच तीन गोष्टी उलटसुलट सांगितल्या. लाइटचं नाव कुणाच्या तोंडी आलं नाही आणि माझ्याही डोक्यात आलं नाही, कारण मूनलाइट म्हणजे रात्रीच, अशी माझी पक्की समजूत होती.

तिसऱ्या खेपेला ऐन चांदीच्या दिवशी पावसात रस्त्यावरची केबल गेली. संध्याकाळी साडेसातला सगळी सोसायटी अंधारात. टँकच्या पंपाला छोटा इन्व्हर्टर आहे, त्यामुळे पाणी फिरत होतं, पण लाइट नव्हता. समोरच्या रस्त्यावरचे दिवेही गेले होते. अण्णांना हाताला धरून नेऊन झोपवलं आणि साडेनऊच्या सुमाराला पंप चालू आहे ना ते बघायला मोबाइलचा टॉर्च पाण्यावर धरला.

आधी वाटलं पाण्यात धूळ आहे. मग ती धूळ टॉर्चकडे यायला लागली. चार मिलिमीटरचा एकेक जीव, काचेच्या दोऱ्यासारखा, आरपार दिसणारा, आणि पुढच्या टोकाला दोन चंदेरी टाचण्या. दीड-दोनशे असतील. मी टॉर्च डावीकडे नेला की सगळे डावीकडे, उजवीकडे नेला की सगळे उजवीकडे. त्यांच्याखाली, कुंडीपाशी, तो नर दमून एका जागी तरंगत होता.

त्यांच्यासाठी काहीही तयारी नव्हती. सकाळपर्यंत त्यातलं एकही उरलं नाही. पंपानं खेचली, रॅसनं खाल्ली. पण ती रात्र माझ्या डोक्यातून जाईना. तिन्ही वेळी पाणी तेच, जोडी तीच, खाणं तेच. फक्त त्या एका रात्री काळोख होता.

मग शोधून वाचायला लागले आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेला ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा एक छोटा निबंध सापडला. एमिली फोबर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लाउनफिशच्या काही जोड्यांना रात्री नेहमीसारखा अंधार दिला आणि काहींच्या टँकवर रात्रभर मंद दिवा ठेवला, पाण्याच्या पृष्ठभागावर २६.५ लक्स (लक्स हे उजेड मोजायचं माप). म्हणजे किनाऱ्यावरच्या एखाद्या बंगल्याचा किंवा धक्क्यावरचा उजेड पाण्यावर पडतो तेवढा. अंडी दोन्हीकडे घातली गेली, फळलीही सारखीच. पण उजेडाखालच्या अंड्यांतून एकही पिल्लू बाहेर आलं नाही. शून्य. दिवा काढून घेतल्यावर त्याच जोड्यांची पुढची अंडी व्यवस्थित फुटली. निबंध वाचून मी बराच वेळ नुसती बसून होते. माझ्या कुंडीतलं सगळं त्यात होतं.

कारण समजून घेतलं तर अगदी साधं आहे. खडकावर अंड्यातून बाहेर पडणारं चार मिलिमीटरचं पिल्लू आजूबाजूच्या प्रत्येक तोंडाचा घास असतं. त्यानं काळोखातच निघायचं असतं, म्हणजे कुणाच्या नजरेस न पडता ते वर उघड्या समुद्रात पोचतं. काळोख ही त्याच्यासाठी दार उघडायची खूण आहे. पिल्लू आत पूर्ण तयार असतं, डोळे चमकत असतात, आणि खूण येत नाही. ते तसंच वाट बघत आतच संपतं. आणि एकदा का बाहेर पडलं की तेच पिल्लू उजेडाकडे धावतं, हे मी टॉर्चच्या झोतात पाहिलेलंच होतं.

मी मोबाइलवर उजेड मोजायचं ॲप घेतलं. अशी ॲप काही प्रयोगशाळेच्या तोडीची नसतात, निळ्या उजेडात तर जास्तच चुकतात. पण पाण्याच्या वरती फोन धरला तेव्हा आकडा तेवीस दिसला. मग पौर्णिमेच्या रात्री फोन घेऊन गच्चीवर गेले. चंद्र डोक्यावर, गच्चीवरच्या टाक्यांच्या सावल्या स्पष्ट पडलेल्या, आणि फोनवर आकडा शून्य. खऱ्या पौर्णिमेचा उजेड असतो पाव लक्सच्या आसपास, बहुतेकदा त्याहून कमी. सूर्यापेक्षा चंद्र जवळजवळ चार लाख पटींनी मंद. मी ज्याला चांदणं म्हणत होते ते चांदण्याच्या शंभरपट तरी होतं.

निळेपणाचंही तसंच. चंद्राचा उजेड निळा नसतो. तो परावर्तित झालेला सूर्यप्रकाशच, उलट किंचित तांबूसपणाकडे झुकलेला. अंधुक उजेडात आपल्या डोळ्यांना लाल रंग लवकर दिसेनासा होतो आणि निळा-हिरवा टिकून राहतो. पुर्किन्ये नावाच्या शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला हे टिपलं होतं. म्हणून रात्र आपल्याला निळी वाटते.

हे सगळं मी एका संध्याकाळी अण्णांना सांगत होते. संकष्टी होती. अण्णांचा उपास, आणि ते बाल्कनीत खुर्ची टाकून चंद्रोदयाची वाट बघत होते. कॅलेंडरवर नऊ वाजून काही मिनिटं दिली होती, पण समोरच्या टॉवरमागून चंद्र वर यायला आमच्याकडे आणखी अर्धा तास लागतो. अण्णांचं लहानपण मालवणचं. पोस्टात नोकरीला लागले आणि मुंबईला आले, पण तिथी आणि भरती-ओहोटी अजून बोटावर आहे. अष्टमीला भांग म्हणजे कमी भरती, पुनवेला-अवसेला उधाण. ते म्हणाले, “पुनवेनंतर चंद्र रोज उशिरान येता. तोपर्यंत काळोखच असता. माशांका ता कळता.”

ते ‘कळता’ मी त्या वेळी नुसतं ऐकून घेतलं. पुढे वाचताना जे समोर आलं त्यानं मला ती खुर्ची आणि ते वाट बघणं पुन्हा आठवलं. बरेच प्रवाळ वर्षातून मोजक्याच रात्री, पौर्णिमेनंतरच्या दिवसांत, सगळे एकदम अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडतात. ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर हा सामूहिक सोहळा संशोधकांच्या लक्षात आला तो १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला. इतके दिवस वाटायचं की पौर्णिमेचा उजेडच त्यांना इशारा देतो. पण २०२१ साली तैवानमधल्या एका प्रवाळावरचं काम प्रसिद्ध झालं. त्यात दिसलं की निर्णायक गोष्ट आहे सूर्यास्त आणि चंद्रोदय यांच्यामधला काळोख. पौर्णिमेला सूर्य बुडतो तेव्हाच चंद्र उगवतो, मध्ये काळोख नाही. दुसऱ्या दिवशी चंद्र पाऊण-एक तास उशिरा, तिसऱ्या दिवशी आणखी उशिरा. संध्याकाळचा तो काळोखाचा तुकडा रोज थोडा मोठा होत जातो आणि त्यावरून प्रवाळ दिवस मोजतात. संकष्टीला अण्णा ज्या दोन-अडीच तासांत उपाशी बसून असतात, बरोबर तेच.

लंडनच्या हॉर्निमन म्युझियममध्ये जेमी क्रॅग्ज यांनी २०१२पासून हाच हिशेब बंद टँकमध्ये बसवला. समुद्राचं वर्षभराचं तापमान, दिवसाची लांबी, चंद्राच्या कला, चंद्रोदयाची वेळ, सगळं नियंत्रकावर. आणि त्या टँकमध्ये प्रवाळांनी ठरल्या रात्री अंडी सोडली. म्हणजे चंद्राचा लाइट मुळात वाईट नाही. पण त्याला कला हव्यात, उगवायची आणि मावळायची वेळ हवी, आणि महिन्यातून काही रात्री तो मुळीच नको.

अण्णांना हे फार पटलं आणि त्यांचं बोलणं लगेच मालवणच्या किनाऱ्याकडे वळलं. रात्री समुद्रात प्रखर एलईडी सोडून मासळी गोळा करतात, त्यावर २०१७ साली केंद्रानं बंदी घातली. तरी ते दिवे क्षितिजावर दिसतात म्हणून किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणवाल्यांची आंदोलनं होत राहिली. गावाहून भावाचा फोन आला की अण्णा पहिलं तेच विचारतात: दिवे दिसतात काय? मासा उजेडाकडे धावतो, लहान-मोठा, अंड्यावरचा, सगळा. आमच्या टॉर्चमागे फिरणारी ती दीड-दोनशे पिल्लं मला आठवली आणि अण्णा इतके का चिडतात ते पहिल्यांदा पोटातून कळलं.

मी निळा लाइट बंद केला. पण दुसऱ्या रात्री बघते तर टँक काही अंधारात नाही. समोरच्या चौकातल्या हायमास्टचा पांढरा झोत खिडकीतून तिरका आत येऊन बरोबर कुंडीवर पडत होता. पृष्ठभागावर फोननं तीन दाखवलं. तीन म्हणजे दहा-बारा पौर्णिमा. वर्षानुवर्षं तो तिथे होता, निळ्या लाइटमुळे मला कधी दिसलाच नव्हता. अशा उजेडाजवळच्या प्रवाळांचं प्रसवणं एक ते तीन दिवस पौर्णिमेच्या बाजूला सरकलेलं असतं, असं २०२३ सालचा एक मोठा अभ्यास सांगतो. शहरातल्या माणसाला हवा तेव्हा उजेड मिळतो, काळोख मात्र शिवून घ्यावा लागतो. मी खरंच शिवला: पडद्याच्या जाड कापडाचा, टँकच्या तिन्ही बाजूंनी खाली सुटणारा, वरून दोरीनं ओढायचा. वरची बाजू हवेसाठी मोकळी आहे.

लाइट आता आठ वाजल्यापासून तासाभरात हळूहळू उतरतो, एकदम जात नाही. शेवटची दहा मिनिटं अगदी अंधुक, आणि त्या दहा मिनिटांत प्रत्येक जण आपापल्या जागी जातो. रॅस खडकाच्या फटीत शिरतो आणि स्वतःभोवती चिकट पातळ पिशवी विणतो. सकाळी ती फाटकी पिशवी कधी कधी पाण्यात तरंगताना दिसते. माशाला पापण्या नसतात, त्यामुळे झोपलाय की जागा आहे हे शिकून घ्यावं लागतं. नऊनंतर हॉलमध्ये ट्यूब लावायची नाही हा घरातला नियम. अण्णांच्या वाटेवर घोट्याच्या उंचीवर तीन छोटे पिवळे दिवे बसवले, माणूस आला की लागणारे आणि गेला की विझणारे. त्यांचा उजेड जमिनीवरच पडतो. मी त्यांना विचारलं होतं, भीती नाही ना वाटत? ते म्हणाले, “काळोखाक कित्याक भियायचा?”

आणि मला नवा टँक मिळाल्यासारखं झालं. टॉर्चला लाल जिलेटीन लावून, जो रंग यातल्या बहुतेक जिवांना नीट दिसत नाही, मी अकरानंतर पडदा जरासा बाजूला करते. खडकातून ठिसूळ ताऱ्याचे (ब्रिटल स्टार, स्टारफिशचा नातलग) हात बाहेर आलेले असतात, केसाळ, सापासारखे वळणारे, पाण्यातून काहीतरी टिपणारे. हा प्राणी माझ्याकडे आहे हेच मला दोन वर्षं माहीत नव्हतं. काचेवर शेकडो पांढरे ठिपके उड्या मारत असतात. वाळूतून काटेरी अळ्या निघतात आणि दिवसाचं उरलंसुरलं साफ करतात. एका रात्री कोळंबी कात टाकताना दिसली: पाठीवर एक फट पडली, एक झटका, आणि आख्खी कोळंबी आपल्याच पोकळ प्रतिमेच्या शेजारी उभी. सगळं मिळून चार-पाच सेकंद.

अंधार दिल्यानंतरच्या पहिल्याच खेपेला अंडी आठव्या रात्री फुटली. या वेळी तयारी होती. पंप बंद करून टँकच्या एका कोपऱ्यात टॉर्च धरला, पिल्लं उजेडाशी गोळा झाली, आणि मगानं पाण्यासकट हळूच उचलून शेजारच्या काळ्या बादलीत सोडली. जाळी लावायची नाही, जाळीनं ती मरतात. बादलीत हिरवं शेवाळपाणी आणि रोटिफर, म्हणजे पिल्लांना खायला अगदी सूक्ष्म जीव. त्यातली बरीच पहिल्या आठवड्यातच गेली, मी रोज सकाळी तळ साफ करताना मोजायचे आणि मग मोजणं सोडून दिलं. बाराव्या दिवशी एकाच्या डोक्यामागे धुरकट पांढरा पट्टा दिसला. नऊ जगली. चार आमच्याकडे आहेत, पाच एका मित्राच्या टँकमध्ये. त्यालाही मी पडदा शिवून दिलाय.

पाहुण्यांना दाखवायला आता दहा वाजताचं काही नाही. कुणी अगदीच हट्ट धरला तर मी त्यांना लाल टॉर्च देते आणि पाच मिनिटं गप्प उभं राहायला सांगते.

आज नव्या अंड्यांचा सातवा दिवस. संध्याकाळी भिंगातून पाहिलं, चांदी चढली आहे. अण्णा जेवून खोलीत गेलेत. लाइट शेवटच्या दहा मिनिटांत आलाय, नर अजून पंखा घालतोय. पडदा ओढून येते.